सीट बेल्टचा कायदा देशभर एकच, मग नाशिकला एक, मुंबईला दुसरं आणि सापुताऱ्याला तिसरं असं का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय की दुबईहून सुट्टीला आलेला भाऊ मागे बसला तरी बेल्ट ओढून लावतो, घरातले म्हणतात अरे नाशिकला मागे कोण लावतं, मुंबईला पोलीस पकडतात तर ठाणे आलं की लावू, आणि पुढच्या आठवड्यात सापुताऱ्याला जायचंय, तो तर गुजरात, तिथे नियमच वेगळा असेल ना. तर कुठे काय नियम आहे आणि कुठे किती पकडतात हे नीट सांगा.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय, शिवाय लायसन, पासिंग, चलन अशी आरटीओची कामं घेऊन लोक येतच असतात. हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सारखा येतो म्हणून जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी कायद्याचं. भारतात सीट बेल्टचा नियम राज्य बदललं म्हणून बदलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, केंद्राचा, आणि त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या नियम १३८ मध्ये स्पष्ट आहे की ज्या गाडीला बेल्ट दिलेले आहेत त्या गाडीत ड्रायव्हर, त्याच्या शेजारचा, आणि मागच्या पुढे तोंड करून असलेल्या सीटवर बसलेले, सगळ्यांनी गाडी चालू असताना बेल्ट लावायचा. म्हणजे मागच्या सीटचा बेल्ट नाशिकलाही सक्तीचा, सुरगाण्यालाही आणि सापुताऱ्यालाही. बऱ्याच जणांना वाटतं की उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर हा नियम आला. तसं नाहीये. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर तो अपघात झाला, मागे बसलेले दोघं बिनबेल्टचे होते, दोघंही गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. नियम त्याच्या कितीतरी आधीपासून पुस्तकात होता, लोकांना कळला तो त्या दिवशी.

शिक्षेचं कलम १९४ ब, हे २०१९ च्या दुरुस्तीत आलं आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालं. त्यात दोन भाग आहेत. पहिला म्हणजे ज्याने स्वतः बेल्ट न लावता गाडी चालवली किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेले त्याला १,००० रुपये. दुसरा भाग लोकांना माहीतच नसतो, १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तरी १,००० रुपये. ह्यातलं "प्रवासी नेले" हे शब्द नीट बघा, मागचा माणूस बेल्ट लावत नाही म्हणून दंड ड्रायव्हरच्या डोक्यावर येतो. ह्याच्यावर पुढे परत येतो कारण आपल्याकडची निम्मी अडचण तिथेच आहे.

मग राज्याराज्यात फरक कशाचा? एक, रकमेचा. कलम २०० खाली राज्य सरकारला जागेवर तडजोड करून किती घ्यायचे ते ठरवता येतं. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच सीट बेल्टचे १,००० वरून ५०० केले, केरळनेही नंतर ५०० वर आणले. महाराष्ट्राने तर सुरुवातीला नवे दंड लागूच केले नव्हते, आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचना निघून ते सुरू झाले, मधली दोन वर्षं शेजारच्या राज्यात एक दर आणि आपल्याकडे दुसरा असं चालू होतं, आणि त्यातूनच "तिकडचा कायदा वेगळा आहे" हा समज पक्का झाला. दर वेगळा, कायदा तोच. महाराष्ट्रात तुमच्या गाडीवर किती पडलेत हे महाट्रॅफिक ॲपवर गाडी नंबर टाकला की फोटोसकट दिसतं.

दुसरा आणि खरा फरक पकडण्याचा. इथे थोडं थांबून समजून घ्या.

नाशिक जिल्ह्यात गाडी घेऊन निघालात तर तुमच्याकडे बघणारे चार वेगवेगळे लोक आहेत. शहरात पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा. शहराची हद्द सोडली की ग्रामीण पोलीस. मुंबई-आग्रा रोडला किंवा समृद्धीला लागलात की महामार्ग पोलीस. आणि ह्या सगळ्यांशिवाय आरटीओचं वायुवेग पथक, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणारं. प्रत्येकाची माणसं तोकडी आणि प्रत्येकाची कामं वेगळी. शहरातल्या पोलिसाचं लक्ष हेल्मेटवर जास्त, आणि ते चूक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर जी माणसं गेली त्यातली ४४.५ टक्के टू व्हीलरवरची होती. आपल्याकडे २०२१ मध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीमही झाली. सीट बेल्टसाठी इतका जोर नाशिकला कधी लागला नाही. मुंबई पोलिसांनी मात्र १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असं जाहीर करून टाकलं आणि तेव्हापासून नाशिककर ठाण्याजवळ बेल्ट शोधायला लागला.

आता गंमत नाही, काळजीची गोष्ट सांगतो. पोलिसाला बेल्ट दिसतो कधी? गाडी सिग्नलला उभी असेल किंवा हळू चालली असेल तेव्हा. मुंबई नाका, द्वारका, सीबीएस, एबीबी सर्कल, अशा ठिकाणी तो समोरून फोटो काढू शकतो. म्हणजे पकडलं जातं तिथे जिथे गाडी वीसच्या, तीसच्या स्पीडला आहे. आणि जिथे गाडी शंभरला आहे, पिंपळगावच्या पुढे, चांदवडकडे, सिन्नरच्या पुढे संगमनेर रोडला, किंवा समृद्धीवर जिथे कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे कोणी बघूही शकत नाही आणि थांबवणं म्हणजे थांबवणाऱ्याच्याच जिवाला धोका. थोडक्यात पकडण्याचा नकाशा आणि मरण्याचा नकाशा एकमेकांच्या उलटे आहेत. जो माणूस "पोलीस असतील तिथे लावू" असं म्हणतो तो जिथे सगळ्यात कमी गरज तिथे बेल्ट लावतो आणि जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे काढतो. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच हे सांगतो कारण एकदा हे डोक्यात बसलं की "इथे चालतं का" हा प्रश्नच उरत नाही.

स्पीडचा हिशोब पण एकदा करून बघा, शाळेतलंच गणित आहे. ५० च्या स्पीडला गाडी एकदम थांबली आणि तुम्ही मोकळे असाल तर ते आपटणं साधारण १० मीटरवरून पडण्याइतकं आहे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. १०० ला दुप्पट नाही तर चौपट होतं, साधारण ३९ मीटर, म्हणजे तेरा मजले. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण पोराला बसवू का? पण गंगापूर रोडला ५० च्या स्पीडने त्याला पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसवतो.

मांडीवरच्या मुलाचं तर वेगळंच सांगायला पाहिजे. आई म्हणते मी घट्ट धरलंय. ५० ला धडक झाली आणि गाडीचं नाक अर्धा मीटर दबून गाडी थांबली असं धरलं तर दहा किलोचं मूल त्या क्षणी हाताला दोनशे किलोच्या आसपास लागतं. दोनशे किलो कोणाच्या हातात राहतं? आणि पुढे एअरबॅग असेल तर ती फुटते तेव्हा मूल आई आणि बॅगच्या मधे सापडतं. लहान मूल मागे, चाइल्ड सीटमध्ये, एवढं एक तरी कराच. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हुक असतील तर सीटच्या फटीत बोट घालून बघा, लोकांना आपल्या गाडीत ते आहेत हेच माहीत नसतं. अगदी तान्हं बाळ असेल तर मागे तोंड करून बसणारी सीट लागते.

एअरबॅगवरून आठवलं, "सहा एअरबॅग आहेत मग बेल्ट कशाला" हे पण रोज ऐकायला मिळतं. एअरबॅग ही बेल्टला जोड म्हणून बनवलेली आहे, बेल्टच्या ऐवजी नाही. बेल्ट शरीराला जागेवर धरतो, मधल्या काळात बॅग फुगते, मग डोकं तिच्यावर टेकतं. बेल्ट नसेल तर बॅग फुगत असतानाच माणूस तिच्यावर जाऊन आदळतो आणि मग तीच बॅग मान मोडू शकते.

आता बाहेरच्या देशांचं, कारण भावाचा विषय निघाला आहे. युएईमध्ये जुलै २०१७ पासून मागच्यांसकट सगळ्यांना बेल्ट, नसेल तर ४०० दिरहम आणि लायसनवर चार ब्लॅक पॉइंट. पैशापेक्षा पॉइंटची भीती जास्त असते कारण ते साठले की लायसनच जातं. तुमचा भाऊ त्या सवयीने लावतो, आणि त्याला इथे येऊन ती सवय सोडायला लावणारे आपण घरचेच आहोत, हे मला फार लागतं.

कायद्याने बेल्ट लावायला लावणारं पहिलं ठिकाण ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य, डिसेंबर १९७० मध्ये. तीन पॉइंटचा बेल्ट त्याच्या आधी १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन ह्या इंजिनिअरने आणला होता, तोच आजही तुमच्या गाडीत आहे. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटला ३१ जानेवारी १९८३ पासून सक्ती आणि मागच्या मोठ्या माणसांना १९९१ पासून, म्हणजे त्यांनाही मागच्या सीटपर्यंत पोचायला आठ वर्षं लागली. जर्मनीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, तिथे सक्ती १९७६ लाच आली पण दंड नव्हता, लोक लावायचे तेवढे लावायचे, १९८४ ला दंड लागला आणि बेल्ट लावणाऱ्यांचं प्रमाण लगेच वर गेलं. कायदा कागदावर असणं आणि खिशाला बसणं ह्यात किती अंतर आहे ते ह्यावरून कळतं.

अमेरिकेत मात्र खरोखरच राज्यागणिक कायदा वेगळा आहे. न्यूयॉर्कने १९८४ मध्ये पहिल्यांदा केला, तर न्यू हॅम्पशायरमध्ये १८ वर्षांवरच्यांना आजही सक्ती नाही. शिवाय काही राज्यांत पोलीस फक्त बेल्टसाठी गाडी थांबवू शकतात आणि काही राज्यांत नाही, तिथे आधी दुसरा काहीतरी गुन्हा दिसला पाहिजे मग बेल्टची पावती जोडता येते. आपल्याकडे असला भेद नाही, फक्त बेल्टसाठी थांबवू शकतात. कोणी पोलिसाशी वाद घालत असेल की "बाकी कागद ओके आहेत मग बेल्टसाठी कसं अडवता" तर तो वाद फुकटचा आहे.

दंड कोणाला हा भेद पण बघण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये मोठा माणूस मागे बिनबेल्टचा बसला तर दंड त्याचा त्याला, ड्रायव्हर जबाबदार फक्त १४ खालच्या मुलांसाठी. आपल्याकडे ड्रायव्हर जबाबदार, आणि कॅमेऱ्याचं चलन तर गाडीच्या नंबरवर म्हणजे मालकाच्या नावावर पडतं. आता शिर्डीला किंवा मुंबई एअरपोर्टला भाड्याने गाडी नेणाऱ्या आपल्या पोरांचा विचार करा. मागे साहेब बसलेत, मोबाइलवर बोलतायत, त्यांना "बेल्ट लावा" म्हणायची त्याची छाती होत नाही, कारण साहेब चिडले तर रेटिंग जातं नाहीतर पुढचं भाडं जातं. दंड मात्र ह्याच्या खिशातून. मला मनापासून वाटतं की मोठ्या प्रवाशाचा दंड प्रवाशाकडूनच घ्यायची सोय कायद्यात यायला पाहिजे, त्याशिवाय मागची सीट सुधारणार नाही. तोपर्यंत आपण प्रवासी म्हणून बसलो की न सांगता लावायचा, त्या पोराला तोंड उघडायची वेळ आणायची नाही.

कॅमेरे आले की सगळं सुटेल असं म्हणणाऱ्यांना पण एक सांगतो. केरळने जून २०२३ मध्ये ७२६ एआय कॅमेरे चालू केले, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये रस्त्यावरून खाली बघणारे कॅमेरे काचेतून थेट मांडीपर्यंत बघतात आणि तिथे दंड हजार डॉलरच्या वर, सोबत चार पॉइंट. चांगलंच आहे, शंभरच्या स्पीडला जिथे माणूस बघू शकत नाही तिथे कॅमेरा बघतो. पण तो समोरच्या काचेतून बघतो, म्हणजे पुढचे दोघं. मागे अंधार. त्यात आपल्याकडे काळी फिल्म, जिच्यावर सुप्रीम कोर्टाने २०१२ लाच बंदी घातली आहे. त्यामुळे मागच्या सीटवर सरकारचं लक्ष पोचणं जगात सगळीकडेच अवघड आहे.

मागे पोचतो तो अलार्म. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारच्याचा बेल्ट अलार्म सक्तीचा झाला, आता नव्या गाड्यांना मागच्या सीटचाही येतो. पण त्याच्यावरही आपण उपाय काढला, ती चपटी क्लिप, बकलमध्ये खुपसली की अलार्म बंद. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश देऊन अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. कोणी गाडीसोबत अशी क्लिप भेट म्हणून दिली तर तिथेच परत करा. तसंच बेल्ट पाठीमागून ओढून लावून ठेवायचा प्रकार, तो पण तेवढाच वाईट.

केंद्राच्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा बघा, २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ जण गेले, त्यात ८,३८४ ड्रायव्हर आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मे असे की ज्यांच्या हातात स्टेअरिंगच नव्हतं. आणि मागचा बिनबेल्टचा माणूस एकटा मरत नाही, तो आख्ख्या वजनाने पुढच्या सीटवर जातो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्यालाही घेऊन जातो. घरात मागे न लावणाऱ्या मोठ्यांना मी हेच सांगतो, तुमच्यासाठी नका लावू, पुढे बसलेल्या तुमच्या लेकासाठी लावा, मग लावतात.

आपल्या भागातली एक गोष्ट कायद्याच्या बाहेरच राहते. पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबककडे ज्या काळीपिवळी जीप धावतात त्यात मागे आडवी बाकडी. नियम म्हणतो पुढे तोंड करून असलेल्या सीट, त्यामुळे आडव्या बाकड्याला बेल्टही नाही आणि सक्तीही नाही. जास्त माणसं भरली तर कलम १९४ अ खाली जादा माणशी २०० रुपये एवढाच उपाय. एसटी वेळेवर मिळत नाही म्हणून लोक त्यात बसतात, त्यांना दोष देता येत नाही, पण बसायचंच असेल तर मधल्या पुढे तोंड असलेल्या सीटला बसा, दाराशी आडवं बसू नका. स्वतःच्या पाच सीटच्या गाडीत सात जण कोंबून सप्तशृंगीला निघणाऱ्यांनाही हेच, सहाव्या सातव्या माणसाला बेल्ट कुठून आणणार, दुसरी गाडी करा.

चलनाबद्दल दोन शब्द. मेसेज आला की फक्त महाट्रॅफिक किंवा सरकारी परिवहन साइटवरच जाऊन बघा, व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची फाइल आली तर ती उघडू नका, बँक खातं रिकामं होतं. फोटोत गाडी तुमची नसेल किंवा बेल्ट लावलेला दिसत असेल तर ऑनलाइन तक्रार करता येते, फोटो जपून ठेवा. जुनी साठलेली चलनं लोक अदालतीत काढता येतात.

आता तुमचं सापुताऱ्याचं. दिंडोरी, वणी, बोरगाव करत जाल, हद्द ओलांडली तरी नियम तोच, फक्त पावती फाटली तर गुजरातच्या दराने. पट्टा घाटाचा, वळणांचा, सुट्टीच्या दिवशी समोरून येणारे पण ओव्हरटेकच्या घाईत. घरातूनच सगळ्यांनी लावून निघा. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर, वरचा मानेला घासत नाही तर खांद्याच्या मधून. कोणी गरोदर असेल तर तिनेही लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा.

आणि निघायच्या आदल्या दिवशी मागची सीट तपासा. मी बघतो त्या बऱ्याच गाड्यांत सीट कव्हर बसवणाऱ्याने मागची बकलं कव्हरच्या खाली दाबून टाकलेली असतात, बेल्ट ओढला तरी अडकवायला जागा नाही, मधल्या सीटचं तर हमखास. कव्हरवाल्याकडे गाडी न्या, तो बकलापुरती खाच पाडून बाजूने शिवून देतो, फार वेळ लागत नाही. तेव्हाच तिन्ही बेल्ट एकदा झटका देऊन अडकतात का ते बघा, आणि जो अडकत नसेल किंवा कडेला फाटला असेल तो शिवून घेऊ नका, आख्खा बदला.